क्रेटचं दार

नव्या घरी कुत्रा शिकवायला गेले आणि क्रेटचा, म्हणजे कुत्र्याला ठेवायच्या पिंजऱ्याचा, विषय निघाला, की पहिला विरोध बहुतेक वेळा आजींचा असतो. "एवढंसं लेकरू, त्याला कोंडून घालायचं? काय गुन्हा केलाय त्यानं?" मुलगा आणि सून ओशाळून माझ्याकडे बघतात. त्यांनी अमेरिकन ट्रेनरांचे व्हिडिओ पाहिलेले असतात, क्रेट आधीच मागवून हॉलच्या कोपऱ्यात जोडून ठेवलेला असतो, आणि आता ताईंनी आजींची समजूत घालावी अशी त्यांची अपेक्षा असते. मी घालत नाही. आजींचा प्रश्न रास्त असतो, आणि त्याचं उत्तर त्या घरातल्या घड्याळावर अवलंबून असतं.

मी क्रेट शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध पुष्कळ बोलणार आहे.

क्रेटच्या बाजूनं सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण असं, की कुत्रा मूळचा गुहेत राहणारा, त्याला बंदिस्त जागा आवडतेच. हे अर्धंच खरं आहे. लांडग्याची मादी बीळ उकरते किंवा शोधते ते विण्यापुरतं. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की ती जागा सुटते आणि मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. शिवाय त्या बिळाला कडी नसते. आडोशाची ओढ मात्र खरी. गावाकडची कुत्री बघा ना: थंडीत चुलीच्या कोमट राखेत, उन्हाळ्यात रांजणाखालच्या ओलीत, पावसात एसटी स्टँडच्या बाकाखाली. पाठीला काहीतरी टेकलेलं असावं आणि समोरचं सगळं दिसावं, अशी जागा ती बरोबर हेरतात. कंटाळा आला की उठून चालू लागतात. क्रेटमध्ये पहिली सोय आहे, दुसरी आपण काढून घेतो.

शी-शूच्या शिकवणीत क्रेटचा उपयोग होतो तो वेगळ्याच कारणानं. पिल्लू झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही, म्हणून लहान जागेत ठेवलं तर ते धरून ठेवतं. बाहेर नेलं की करतं, शाबासकी मिळते, सवय लागते. पण धरून ठेवायला मूत्राशय तयार हवं. आमच्यात एक ढोबळ हिशेब चालतो: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त तीन, आणि तेही रात्री झोपेत. दिवसा जागं असताना त्याहून कितीतरी कमी. आणि धंद्यासाठी पिल्लं काढणाऱ्यांकडे जाळीच्या खोक्यात स्वतःच्याच घाणीत वाढलेलं पिल्लू असेल तर हा सगळा डाव फसतो. त्याची ती उपजत किळस आधीच मोडलेली असते. अशा पिल्लाला क्रेटमध्ये घालणं म्हणजे त्याला पुन्हा तिथंच नेऊन ठेवणं.

धरून ठेवण्यावरून मला लायका आठवते. मॉस्कोच्या रस्त्यावरची ती कुत्री नोव्हेंबर १९५७ मध्ये स्पुटनिक-२ मधून अवकाशात गेली. यानातल्या इवल्याशा जागेची सवय व्हावी म्हणून तिला आणि तिच्याबरोबरच्या कुत्र्यांना अधिकाधिक लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत ठेवलं होतं, कधी कधी सलग २० दिवसांपर्यंत. त्यांची शी-शू बंद पडली, ती अस्वस्थ झाली, तब्येती खालावल्या. ते अवकाशविज्ञान होतं आणि आपलं पॉटी ट्रेनिंग आहे, हे मला कळतं. तरीही "आमचा राजा दहा तास क्रेटमध्ये राहतो, एक थेंब सांडत नाही" असं कौतुकानं सांगणारे भेटले की मला त्या कौतुकात सामील होता येत नाही. कुत्रा धरून ठेवू शकतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता माझं काम. मी पहिल्या दिवशी क्रेटचं दार काढून ठेवते, निघत नसेल तर सुतळीनं मागे बांधते. आत जुनी सतरंजी, शक्यतो घरातल्या माणसाच्या वासाची. मग उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा आत टाकायचा आणि गप्प बसायचं. "जा, जा, आत जा" म्हणायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. पिल्लू जातं, खातं, बाहेर येतं. बाहेर येण्याला कुणी अडवत नाही हे त्याला कळणं, आत जाण्याइतकंच महत्त्वाचं. पुढे जेवणाचा वाडगा आत. मग दार परत लावायचं, पण फक्त हलवायचं. कडीचा खळ्ळकन आवाज होतो, त्याची वेगळी तालीम. मग जेवताना दार लोटायचं आणि वाडगा संपायच्या आत उघडायचं. पिल्लानं बाहेर यायचं मनात आणण्याआधी दार उघडलेलं असावं, ही यातली खरी हातोटी. वेळ वाढवतानाही चढत्या पायऱ्यांनी वाढवायची नाही. थोडा वेळ, मग त्याहून कमी, मग जरा जास्त, मग पुन्हा अगदी थोडा. नाहीतर प्रत्येक खेप आधीपेक्षा लांब असणार, हे पिल्लाच्या लक्षात येतं. ती इतकी काही भोळी नसतात.

हे सगळं व्हायला आठवडे लागतात. लोकांना शनिवार-रविवारात हवं असतं. "रडू दे, दमेल आणि झोपेल" हा सल्ला त्यातूनच येतो, आणि तो देणाऱ्या ट्रेनरांशी माझं पटत नाही. दमतं हे खरं. पण गप्प बसलेलं पिल्लू शांत झालेलंच असेल असं नाही. गार खोलीत धापा टाकणं, लाळ गळणं, झोप नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं, ही चिन्हं आवाज न करणाऱ्या कुत्र्यातही असतात. म्हणून मी घरच्यांना सांगते, मोबाइल समोर लावा आणि तुम्ही गेल्यानंतरची चित्रफीत मला पाठवा.

क्रेट केवढा असावा, या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, नीट आडवं होता यावं. विमानानं जनावर पाठवताना आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांत जवळपास हेच माप लागतं. म्हणजे प्रवासाचं माप आपण राहायचं माप करून टाकलंय. आपल्या हवेचा विचार तर त्यात नाहीच. पुण्याच्या एप्रिलमध्ये प्लास्टिकचा बंद क्रेट आणि त्यावर 'सुरक्षित वाटावं' म्हणून टाकलेली चादर. आत पग किंवा बुलडॉग, ज्याला एरवीच श्वास घ्यायला कष्ट पडतात. मी जाळीचाच सांगते, पंख्याखाली, चादर एकाच बाजूला. आणि आत जाताना पट्टा काढायचा. पट्टा किंवा त्याचा बिल्ला जाळीत अडकून कुत्र्याला फास बसू शकतो.

स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला अशा क्रेटमध्ये बंद ठेवायला परवानगीच नाही. प्रवास, स्पर्धा अशा काही प्रसंगांपुरती सूट आहे, आणि दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं. फिनलंडचंही धोरण साधारण तसंच. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायची टाळाटाळ करणं, हे दोन्ही कलम ११ प्रमाणे गुन्हेच. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. त्यामुळे कायद्याचा धाक वगैरे राहू द्या.

क्रेटला नाकं मुरडणाऱ्यांचंही मला सगळं पटत नाही. बंगल्याच्या फाटकाशी हातभर साखळीला जन्मभर बांधलेला अल्सेशियन त्यांना खटकत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत दिवसभर तापत, भुंकत, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चवताळत बसलेला लॅब्रॅडोर तर 'मोकळा' समजला जातो. जाळी दिसली की क्रौर्य दिसतं, साखळी डोळ्यांच्या सवयीची झालीय.

आणि क्रेटची गरज कधी ना कधी पडतेच, म्हणून तर मी तो शिकवते. डॅशुंडच्या मणक्याची चकती सरकली की डॉक्टर कित्येक आठवडे क्रेटमध्ये सक्तीची विश्रांती सांगतात. उडी मारली तर मागचे पाय जायची भीती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही तेच. रेल्वेत एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन मिळाली तर ठीक, नाहीतर गार्डाच्या डब्यातला डॉग बॉक्स. दुखत असताना किंवा धडधडत्या गाडीत बंद जागेशी पहिली ओळख व्हावी, ही शिक्षा मी कुठल्याच कुत्र्याला देणार नाही. मात्र एकटेपणाचा धसका घेतलेल्या कुत्र्याला क्रेट हा उपाय नाही. असे कुत्रे जाळी चावून सुळे मोडून घेतात, नखं रक्तबंबाळ करतात. मालक म्हणतात, आता सोफा वाचला.

म्हणून हल्ली मी पहिल्या फोनवरच विचारते, दिवसभर घरी कोण असतं? हिंजवडीत दोघंही कामाला, सकाळी आठला बाहेर, परत यायला सात, मध्ये कुणी नाही, असं उत्तर आलं की क्रेट शिकवायला मी नकार देते. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा, दुपारी फिरवायला माणूस लावा, नाहीतर पिल्लू न घेता निवाऱ्यातला मोठा, शिकलेला कुत्रा घ्या, असं सांगते. बरेच जण "विचार करून कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. काहींना दुसरा ट्रेनर मिळतो. गेल्या पावसाळ्यात मात्र एका मुलीनं महिनाभरानं परत फोन केला. दुपारी यायला एक कॉलेजचा मुलगा मिळाला होता, त्याला महिन्याचे किती द्यायचे एवढंच तिला विचारायचं होतं.