आमची दाढी आणि ताईंचा साबण

दाढी हा काही लेखाचा विषय आहे का, असे आमचे वाचक विचारतील. पण गेल्या वर्षभरात या दाढीनेच आम्हाला एक धडा शिकविला आणि तो आपल्या माणसांपुढे मांडावा असे वाटले.

आमच्या वस्तीतील चार भगिनींनी बचत गटातून साबण करायला घेतले. अंगाचा साबण बरा खपला, तेव्हा त्यांनी दाढीचा साबण काढला. कडुनिंबाचा, वाळ्याचा आणि बिनवासाचा, असे तीन प्रकार. गटाच्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसात जाता, रोज दाढी करता. लावून बघा आणि सांगा." आम्ही तिन्ही वड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाची वडी ब्रशला लावली. फेस भराभर आला, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा विरून गेला. पाते कोरड्या कातड्यावरून खरखरत फिरले आणि वर अशी आग झाली की तुरटी फिरवूनही थांबेना. वाळ्याच्या वडीने वास छान दिला, आग तेवढीच. बिनवासाच्या वडीचीही तीच तऱ्हा. संध्याकाळी ताई भेटल्या. "कसा वाटला भाऊ?" आम्ही म्हणालो, "फार छान, ताई!" आणि आणखी सहा वड्या विकत घेऊन कपाटात ठेवल्या. दाढीला पुन्हा कंपनीची ट्यूब सुरू झाली. आपल्या भगिनींच्या उद्योगाला हातभार लावला, असे समाधान वर मिळाले ते वेगळेच!

हे समाधान आमच्या वडिलांनी मोडले. आबा आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांनी कपाटातली एक वडी घेऊन दाढी केली आणि गाल चोळत म्हणाले, "अरे, हा धुण्याचा साबण हाय. मी जन्मभर लावलाय, मला वळख हाय त्याची."

आबांचे हे बोलणे समजायला थोडे मागे जावे लागेल. गावात न्हावी होता, पण तो आपल्या वस्तीतल्यांची दाढी करीत नसे. त्याचाही नाइलाज असावा. आमच्या हनुवटीला वस्तरा लावला असता तर वरच्या आळीची सारी गिऱ्हाइके गेली असती. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात 'दुकान' या शब्दाच्या व्याख्येतच केशकर्तनालय घातलेले आहे, पण तो कायदा आमच्या गावाच्या वेशीवर बराच काळ ताटकळत राहिला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्याला त्यांच्या घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते किंवा द्यायला पैसे नव्हते म्हणून नव्हे. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हते म्हणून. आबाही आरशाच्या तुकड्यात बघून, कपड्याच्या साबणाचा फेस लावून स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले. त्यांच्या गालाला फसविणे शक्य नव्हते.

"तिला सांगितलंस का?" आबांनी विचारले. आम्ही गप्प. "मग तू तिला मदत नाही, भीक घातलीस," ते म्हणाले.

त्याच रात्री ताईंकडे गेलो आणि खरे ते सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्यांनी वही काढली आणि मग घोटाळा सापडला. अंगाच्या साबणाला त्या १ किलो खोबरेल तेलात १७० ग्रॅम कॉस्टिक सोडा घालीत. फेस टिकावा म्हणून दाढीच्या साबणात त्यांनी निम्मे एरंडेल घेतले, सोडा मात्र तेवढाच ठेवला. खोबरेलाला १०० ग्रॅममागे सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, एरंडेलाला सुमारे १३. म्हणजे १५५ ग्रॅम पुरत होता. उरलेला १५ ग्रॅम आमच्या गालावर आला! शिवाय असा न शिजवता केलेला साबण चार ते सहा आठवडे वाळू द्यायचा असतो. तो पंधरा दिवसांतच बाहेर काढला होता.

पुढच्या खेपेला त्यांनी मेणबत्तीवाले वापरतात ते स्टिअरिक ॲसिड आणले. त्याने फेस दाट होतो आणि टिकतो. सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅश घेतले, म्हणजे साबण मऊ राहतो आणि ब्रशला चटकन लागतो. सोड्याच्या जागी पोटॅश घेताना वजन सुमारे १.४ पट धरावे लागते, तो हिशोब आम्ही मांडून दिला. मिश्रण मंद आचेवर शिजविले. जुन्या वड्या भांडी-कपड्यांच्या कामी आल्या.

हिशोबाचा विषय निघालाच, म्हणून आमच्यातला बी.कॉम. जागा झाला. एका वडीला माल २८ रुपये, वेष्टन ३ रुपये, विक्री ३५. नफा ४ रुपये. "आणि मजुरी?" आम्ही विचारले. चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. "घरचंच काम ना भाऊ, त्याची कसली मजुरी?" वाचकहो, इथे आम्ही खरोखर अस्वस्थ झालो. वतनाच्या नावाखाली आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी फुकट राबल्या आणि आज स्वतःच्या वहीतही आपण आपल्या श्रमाची किंमत शून्य लिहितो! चौघींचा एकेक दिवस, ३०० रुपये रोज, ६० वड्या. वडीमागे २० रुपये मजुरी. किंमत आली ५५.

"एवढ्याला कोण घेईल?" ताई म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "साबण चांगला असेल तर घेतील. नसेल तर घेऊ नयेत."

नवी वडी पहिल्यांदा आबांनी लावली. दोन्ही गाल झाले तरी फेस तसाच होता. वाळ्याचा वास अजून जरा जास्त आहे, असे त्यांचे मत पडले, ते आम्ही त्याच दिवशी ताईंना कळविले. त्यांनी हसत वहीत टिपून घेतले. मग आबांनी खिशातून ५५ रुपये मोजून काढले आणि आमच्या हातावर ठेवले. म्हणाले, "तिला नेऊन दे. फुकट नको."