पाटी कोणासाठी?

प्रवासवर्णन लिहावे असा हा प्रवास नव्हता. राधानगरीहून श्रवणबेळगोळपर्यंत आणि परत, अशी हजारावर किलोमीटरांची, सहा दिवसांची मोटरसायकलवरची फेरी. तिच्यात ना हिमालय होता, ना वाळवंट. मोटरसायकलवरून देशोदेशी हिंडणारे लोक सीमा ओलांडण्याच्या हकिकती लिहितात, त्यांत पारपत्रे असतात, शिक्के असतात, तासन् तास चाललेली झडती असते. आम्ही ओलांडली ती सीमा एकाच देशातल्या दोन राज्यांमधली. तिथे शिक्का नाही की फाटक नाही. तरीही ती अवघड आहे. तिचे अवघडपण कशात आहे, याचा थोडासा उलगडा आम्हांला वाटेवरच्या पाट्यांनी केला. तो मांडावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. भाषेचा इतिहास शिकवताना दरवर्षी श्रवणबेळगोळच्या शिलालेखाचा उल्लेख करावा लागतो. मराठीच्या आद्य लेखांपैकी तो एक. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शके ९३४ चा लेख आणि हा, यांतला जुना कोणता, ही चर्चाही ठरलेली. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मराठीचा एवढा जुना लेख कर्नाटकात कसा काय?" वर्गात थोडी खसखस पिकली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुस्तकी उत्तर आम्ही दिले आणि तो लेख एकदा जाऊन पाहायचा, असे त्याच दिवशी घरी ठरले.

ठरवले खरे, पण जाण्याचा योग आला तो २०२२ च्या डिसेंबरात. तो महिना या भागात ज्यांनी काढला त्यांना आठवत असेल. ६ डिसेंबरला बेळगावच्या पुढे हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या ट्रकांवर दगडफेक झाली. दोन्हीकडच्या एस.टी. गाड्या काही काळ बंद राहिल्या. १९ तारखेला बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले आणि कोल्हापूरकडून निघालेल्या नेत्यांना कोगनोळीला अडवण्यात आले. २२ तारखेला कर्नाटकाने आपल्या भूमिकेचा ठराव केला. २७ तारखेला नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्राने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने मंजूर केला. आम्ही निघालो तो दिवस २८ डिसेंबर. किरकोळ रजा आधीच मंजूर झाल्या होत्या आणि पुढे वर्षभर पुन्हा जुळून येतील याची शाश्वती नव्हती.

शेजारीपाजारी सल्ले देऊन गेले. कोणी म्हणाले, नंबरप्लेटवर चिखल फासा. कोणी म्हणाले, निपाणीच्या पाहुण्यांची 'केए २३' गाडी घ्या आणि आपली तिथेच लावा. आमच्या गाडीवर 'एमएच ०९' ही अक्षरे गेली अकरा वर्षे होती आणि ती कोणाला उद्देशून लिहिली आहेत असा विचार आम्ही कधी केला नव्हता. वाहन कोठे नोंदले आहे हे कळावे, एवढाच त्या पाटीचा हेतू. त्या महिन्यात मात्र ती वाहनाची नव्हे, वाहनावरच्या माणसांची ओळख झाली होती. चिखल फासला नाही. गाडी जशी होती तशीच नेली.

राधानगरीहून निपाणीला जाणारा रस्ता मुदाळतिट्टा आणि मुरगूड करीत जातो. मुरगूडजवळ वेदगंगा भेटते. ती आणि काळम्मावाडीच्या धरणातली दूधगंगा, दोघीही पुढे सीमेपलीकडे जाऊन कृष्णेला मिळतात. आमची भोगावती पंचगंगेतून, नृसिंहवाडीच्या संगमावरून तिकडेच जाते. उसाचे फड मध्ये खंड पडू देत नाहीत. गुऱ्हाळाचा वास इकडे जो, तोच तिकडे. बदलते ती फक्त पाटी. मैलाच्या दगडावरची देवनागरी अक्षरे संपतात आणि कन्नड अक्षरे सुरू होतात.

ही रेष १९५६ ची, असे आपण सहज म्हणून जातो. या वाटेवरची रेष त्याहून जुनी आहे. राधानगरी, मुरगूड, कागल हा मुलूख कोल्हापूर संस्थानाचा आणि त्याच्या जहागिरींचा. निपाणी मात्र ब्रिटिश अमलाखालच्या बेळगाव जिल्ह्यातली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि या रेषेला जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे काही अर्थ उरला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ती पुन्हा राज्याची सीमा झाली. मधली जेमतेम पावणेआठ वर्षे राधानगरी आणि निपाणी एकाच राज्यात होती. जिल्हाही अख्खा गेला नाही. चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला आणि तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. त्यामुळे रणजित देसाईंचे कोवाड महाराष्ट्रात राहिले आणि इंदिरा संतांचे बेळगाव कर्नाटकात. मराठीच्या वाचकाला या दोन घरांमध्ये सीमा आहे असे कधी जाणवले नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालाने काही गावे इकडे आणि काही तिकडे सुचवली, बेळगाव जिथे होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. रेष अजून जागची हललेली नाही.

निपाणीच्या अलीकडे बंदोबस्त होता. एका तरुण शिपायाने हात केला, नंबरप्लेटकडे पाहिले आणि विचारले, "एल्लिगे होंटीरी?" आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यानेच पुढे उलथा केला, "कुठं निघालासा?" दोन्ही वाक्यांचा हेल एकच होता. श्रवणबेळगोळ म्हटल्यावर तो म्हणाला, "देवाला व्हय? जावा की. अंधार पडायच्या आत बेळगाव गाठा." या 'निघालासा'चे आमच्या प्रमाण व्याकरणात स्थान नाही, कोल्हापूरच्या घराघरांत आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कोठून आले हे वर्गात सांगताना आम्ही त्यांना 'देशी' आणि 'द्राविडी' अशी लेबले लावतो. राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून पडले, आणि त्यांना लोक ओळखत ते अक्कासाहेब म्हणून. आमच्या गावाच्या पाटीमागे असा एक कानडी शब्द उभा आहे.

निपाणीत चहाला थांबलो. या गावाने मराठीला महादेव मोरे दिले. पिठाची गिरणी चालवता चालवता तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे यांच्या कथा लिहिणारा हा लेखक २०२४ साली गेला. त्यांच्या भाषेत कानडी आणि मराठी यांची वाटणी करायला बसलो, तर हाती काही उरणार नाही. याच गावाजवळच्या महामार्गावर १९८१ साली तंबाखूउत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ठिय्या देऊन बसले होते आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला. दर मागताना त्यांच्यात घरी कोण कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न आड आला नव्हता.

बेळगावात मावशींकडे मुक्काम होता. त्या मराठी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिक्षिका होत्या. जेवणे झाल्यावर त्यांनी विजेचे बिल काढले आणि नातवाकडून वाचून घेतले, बिल कन्नडमध्ये. सातबारा कन्नडमध्ये, नोटिसा कन्नडमध्ये. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही इथल्या मराठी माणसांची फार जुनी मागणी आहे. मावशी मात्र तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "ह्याला कन्नड येतं ते बरंच आहे गं. पोराला तीन भाषा आल्या तर वाईट काय? पण मला माझ्या घराचं बिल वाचता येऊ नये, हे काही बरं न्हवं." मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "तुमच्याकडं मराठी शाळा भरभरून चालत असतील न्हवं?"

आम्ही पटसंख्येचे आकडे सांगितले नाहीत. मराठी विशेष विषय घेणारी मुले दरवर्षी कशी कमी होत आहेत आणि गावोगावच्या मराठी शाळांचे वर्ग कसे ओस पडत आहेत, हे त्यांना त्या रात्री सांगणे जिवावर आले. पण प्रश्न मनात राहिला, आणि आमच्या दृष्टीने सीमाप्रश्नातला सर्वांत जड प्रश्न तोच आहे. उद्या रेष हललीच, तर मावशी ज्या मराठीकडे येतील ती कोणती? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळालेला. आमच्या महाविद्यालयातही सोहळा झाला. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्या सोहळ्याने दिले, असे आम्हांला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी येळ्ळूरचा विषय काढला. बेळगावजवळच्या त्या गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य' असा फलक वर्षानुवर्षे उभा होता. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा हटवला गेला आणि लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. एका वर्षात एक पाटी उतरली आणि शेकडो पाट्या बदलल्या. पुढे दुकानांच्या पाट्यांसाठी महाराष्ट्राने २०२२ साली आणि कर्नाटकाने २०२४ साली कायदे कडक केले. आपापल्या भाषेची अक्षरे ठळक दिसावीत, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच. तिच्यात गैर काही नाही. मात्र पाटी वाचणाऱ्यासाठी लिहिली आहे की वाचणाऱ्याला दाखवण्यासाठी, हा भेद सीमेवर आला की विरून जातो. दाखवण्यासाठी लिहिलेली पाटी ज्याला वाचता येत नाही त्याला सर्वांत मोठ्याने ऐकू जाते.

हिरेबागेवाडीचा टोलनाका आम्ही बाजूच्या दुचाकीच्या चिंचोळ्या वाटेने पार केला. कोणी पाहिलेही नाही. छातीत धडधडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कित्तूर मागे पडल्यावर क्लचची केबल तुटली. जवळच्या गॅरेजची पाटी फक्त कन्नडमध्ये. पाना आणि टायरच्या चित्रावरून कळले. मिस्त्रीने नंबरप्लेट पाहिली, आम्हांला पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "केबल हाय, पण कंपनीची न्हाई. चालंल?" हा माणूस इचलकरंजीत मागावर नऊ वर्षे राबला होता. मराठी लिहायला येत नाही, पण वाचता येते, म्हणाला. कसे शिकलात, असे विचारले. "स्टँडवर. गाडी चुकली की रात्र स्टँडवरच काढाय लागायची. चार वेळा चुकली, मग अक्षरं कळाय लागली."

या उत्तरात आमच्या तासिकांना पुरेल एवढे भाषाविज्ञान होते. एस.टी.च्या पाट्यांनी त्याला कधी दटावले नव्हते. गाडी कुठे जाते तेवढेच सांगितले होते. त्याची मजुरी दिली. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

हावेरी, शिवमोग्गा, अर्सिकेरे करीत तिसऱ्या दिवशी दुपारी श्रवणबेळगोळ गाठले. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून गेल्यावर ५७ फुटांची ती मूर्ती एकदम समोर येते. ती पाहिल्यावर शिलालेख शोधायला आपण आलो आहोत, याचा काही वेळ विसर पडला. मग पायाशी वाकलो. मूर्ती चामुंडरायाने करविली, हे कन्नडात आहे, तमिळात आहे आणि मराठीतही आहे. मूर्ती इ.स. ९८१ च्या सुमाराची; मराठी लेखातले दुसरे वाक्य गंगराजाने बांधविलेल्या आवाराविषयीचे, म्हणजे बाराव्या शतकातले. मराठी अक्षरे नेमकी कधी कोरली गेली याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही आणि त्या वादात आम्हांला इथे शिरायचे नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथे समोर होते. मराठी तिथे आहे, कारण मराठी वाचणारे यात्रेकरू तिथे येत होते. ज्याने लेख कोरविला त्याला त्यांना काही सांगायचे होते. तमिळ यात्रेकरूंसाठी तमिळ, इथल्यांसाठी कन्नड. मुलूख कोणाचा, हे कोणती ओळ वर आणि कोणती खाली यावरून ठरवण्याची गरज त्याला भासली नसावी. तो मुलूख आपला आहे याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती, म्हणूनही कदाचित त्याला हे औदार्य परवडले असेल. हे ध्यानात ठेवूनही म्हणावेसे वाटते, की मावशींना विजेचे बिल मराठीत मिळाल्याने कर्नाटकाचे काही उणे होणार नाही. आणि आमच्या जत, अक्कलकोटकडच्या कन्नड मुलांना त्यांची पुस्तके वेळेवर मिळाल्याने महाराष्ट्राचेही नाही. न्यायालय रेषेचा निकाल देईल तेव्हा देईल. बिलाचा निकाल त्याआधी लागू शकतो.

आमच्या शेजारी एक वयस्क जोडपे उभे होते. गृहस्थांनी कन्नड ओळीवरून बोट फिरवीत पत्नीला काही वाचून दाखवले आणि मग आमच्याकडे वळून, मराठी ओळीकडे हात करून हिंदीत विचारले, "हे तुम्हांला वाचता येते का?" आम्ही सावकाश वाचून दाखवली. अर्थ सांगू लागलो, तर ते हसले आणि मान डोलावून म्हणाले, कळला. आमच्या ओळीतही तेच लिहिले आहे.