जाहीरनाम्याची मुदत

कौंडण्यपूर, जून २०२५.

वर्धेच्या काठचे हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून विख्यात असले, तरी आज घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींच्या तोंडी कथा होती ती कर्जमाफीची. गेल्या नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने शेतकऱ्यांस कर्जमाफीचे आणि ‘लाडकी बहीण’ योजनेतील महिलांस दरमहा १५०० चे २१०० रुपये करण्याचे अभिवचन दिले. परंतु १० मार्चला राज्याचा सात लाख कोटींचा जो अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात महामार्ग, विमानतळ आणि स्मारके यांस स्थान मिळूनही या दोन्ही वचनांचा मागमूस नव्हता, आणि महिनाअखेरीस तर खुद्द अर्थमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चपूर्वी पीककर्ज भरण्याची ताकीद दिली. पंचेचाळीस हजार कोटींच्या महसुली तुटीची सबब मला खोटी वाटत नाही. पण जाहीरनामा छापताना तिजोरी काय भरून वाहत होती?

शेजारच्या वृद्धाने बंडीच्या खिशातून थकबाकीची नोटीस काढली. घामाने घड्या विरल्या होत्या, व्याजाचा आकडा मात्र शाबूत होता. वचनावर विसंबून ज्यांनी हप्ता थांबवला, तेच थकबाकीदार ठरले आणि नव्या पीककर्जास मुकले, हा या प्रकरणातील खरा अन्याय.

जवळच्या मोझरीस, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात, माजी आमदार बच्चू कडूंनी कर्जमाफीसाठी उपोषण मांडले, तेव्हा सरकारने समितीची तजवीज केली. (समित्यांचा मात्र या राज्यात कधी दुष्काळ पडला नाही!) "समिती काय बियानं देते, बाप्पा?" म्हणत म्हातारा उठला आणि सोयाबीनच्या पिशव्या उधारीत मिळतात का, हे पाहायला कृषी केंद्राकडे निघाला.