पंचाहत्तर गोळ्या

आमच्या धंद्यात टेस्टिंग जवळपास फुकट असतं. एखादी टेस्ट दहा हजार वेळा चालवायची असेल तर संध्याकाळी लावून घरी निघून जायचं, सकाळी रिपोर्ट तयार. कोड काही झिजत नाही. त्यामुळे तपासण्यात तपासायची वस्तूच संपते, हा प्रकार आपल्या डोक्यात सहसा येत नाही.

काडेपेटीचं तसं नाही. पेटीतली प्रत्येक काडी पेटते का, याची शंभर टक्के खात्री करायची असेल तर खात्री होते आणि पेटी रिकामी होते. नेमबाजीतली .२२ ची गोळी याच जातीची. गेले दोन विकांत मी याच प्रश्नात अडकलोय, म्हणून हे लेखन.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझी भाची खुलताबादला असते, बारावीत आहे. भद्रा मारुतीच्या रस्त्यावर दाजींचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे. शाळेत असताना एनसीसीत तिने पहिल्यांदा .२२ रायफल हातात घेतली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता ती संभाजीनगरच्या एका क्लबात ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारते. जायला पंचवीस किलोमीटर, यायला पंचवीस, एसटीने. रायफल क्लबची. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. सीझन संपेपर्यंत तिच्या वाट्याला ६०० राउंड आलेत. क्लबकडे एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या गोळीचे तीन लॉट आहेत. त्यातला कुठला घ्यायचा ते तिने ठरवायचं, आणि ठरवण्यासाठी ज्या गोळ्या उडतील त्या तिच्याच सहाशेतून वजा होणार.

"मामा, तुम्ही टेस्टिंगवाले ना? मग सांगा, किती मारून बघू?"

तर मंडळी, प्रश्न असा आहे. उत्तराकडे जाण्याआधी एक शंका तुमच्याही मनात आली असेल. कंपनी एक, दर्जा एक, मग लॉटने काय फरक पडतो?

पडतो. .२२ हे रिमफायर काडतूस. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. इथे तसं नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाशी जी पातळ पोकळ कड असते, तिच्या आतच स्फोटक मिश्रण भरलेलं असतं, आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं का, कडेची जाडी किती, दारू किती, शिशाच्या गोळीचं वजन किती, तिच्यावरचा मेणाचा किंवा तेलाचा थर कसा, ती नळकांड्यात किती घट्ट बसली, या सगळ्यात लॉटगणिक बारीक फरक राहतातच. शिवाय हे काडतूस घरी उघडून पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलवाले स्वतःच्या हाताने दारू मोजून घालू शकतात. .२२ वाल्याला कंपनीने जे दिलं तेच.

बारीक म्हणजे किती बारीक? गणित सोपं आहे. मॅचची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी हळू ठेवतात, साधारण सेकंदाला ३२५ मीटर. ५० मीटर जाईपर्यंत ती जेमतेम बारा सेंटिमीटर खाली येते. समजा एक गोळी सेकंदाला ३ मीटरने हळू निघाली, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ती सव्वादोन मिलिमीटर खाली लागते. आणि ५० मीटरवरची दहाची रिंग किती मोठी? व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. गोळीचा व्यास ५.६, आणि रेषेला नुसती कड लागली तरी गुण मिळतो. म्हणजे भोकाचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवं. त्या आठातले सव्वादोन गोळीनेच खाल्ले तर नेमबाजाच्या वाट्याला उरलं काय? २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं ते ६०० पैकी ५९७ गुणांवर. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण.

दुसरी गंमत म्हणजे, 'चांगला लॉट' असं सरसकट काही नसतं. एका रायफलला जो लॉट मानवतो तो शेजारच्या, त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला मानवेलच असं नाही. खुलताबादहून एसटीने जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तिथली ती मेंढ्याच्या तोंडाची तोफ पाहिली असेल. तिची नळी आतून गुळगुळीत, गोळ्याने बाहेर पडावं एवढीच अपेक्षा. रायफलच्या नळीत मात्र पिळाचे आटे असतात. मऊ शिसं त्या आट्यांत दाबून घुसतं आणि फिरत बाहेर पडतं. गोळी पुढे सरकत असताना नळी थरथरत असते, आणि गोळी नेमकी त्या थरथरीच्या कुठल्या क्षणाला तोंडातून सुटते यावर ती कुठे लागेल हे ठरतं. त्यामुळे टेस्ट गोळीची नसतेच, जोडीची असते. आपल्याकडे 'माझ्या मशिनवर तर चालतंय' हा विनोद आहे. इथे ते अधिकृत उत्तर आहे.

मोठ्या लेव्हलवर यासाठी पक्की सोय असते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एले कंपनीची, जर्मनीत शोनेबेकला लापुआची टेस्ट रेंज आहे. नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातो. ती शिकंज्यात घट्ट आवळतात म्हणजे माणसाचा हात, श्वास, नाडी सगळं बाजूला. मग एकेका लॉटच्या गोळ्या मारत जायचं, मशीन ग्रुप मोजतं, आणि जो लॉट जमला त्याच्या हजारो गोळ्या तिथेच उचलायच्या.

खुलताबादच्या पोरीला यातलं काहीच नाही. शिकंजा नाही, डझनभर लॉट नाहीत. एका गोळीची किंमत आमच्या ऑफिसखालच्या कटिंगपेक्षा जास्त आहे. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी सरावाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. दाजींनी ते कात्रण दुकानात गल्ल्यामागे चिकटवलंय. कौतुकापोटी की स्वतःला धीर म्हणून, मी विचारलेलं नाही.

तर, किती गोळ्या?

क्लबातला रिवाज सोपा होता. प्रत्येक लॉटच्या पाच मारायच्या आणि ज्याचा ग्रुप छोटा तो लॉट घ्यायचा. भाचीकडे 'अ' लॉटचा एक कागद होता, पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात. तिने तो वहीत जपून ठेवला होता आणि तिचं मन केव्हाच 'अ' वर बसलं होतं. मी विचारलं, या लॉटचे असे किती कागद मारलेस? म्हणाली, पंधरा-वीस तरी. बाकीचे कुठे? "ते फेकले, त्यात काय बघायचं!"

यालाच म्हणतात निवडून घेतलेला पुरावा. वीस कागदांतला सगळ्यात देखणा ठेवला तर कुठलाही लॉट देखणाच दिसणार.

शनिवारी रात्री लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. दोन लॉट घ्यायचे, दोन्ही अगदी सारखे, काडीचा फरक नाही. दोन्हींच्या काल्पनिक गोळ्या मारायच्या, ग्रुपच्या केंद्रापासून प्रत्येक भोकाचं अंतर काढून सरासरी घ्यायची, आणि एक लॉट दुसऱ्यापेक्षा निदान २० टक्के 'सरस' किती वेळा दिसतो ते मोजायचं. पाच-पाच गोळ्या मारल्या तर निम्म्याहून थोड्या जास्त वेळा! म्हणजे फरक मुळातच नसताना नाणं उडवल्यासारखा 'निकाल' लागतो, आणि आपण छाती ठोकून सांगतो की हा लॉट भारी. वीस-वीस मारल्या तर असा खोटा निकाल पाच-सहा वेळांत एकदा. चाळीस-चाळीस मारल्या तर वीसात एकदा.

आणखी एक. लोक सहसा सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजतात. त्यात पाचातल्या तीन गोळ्यांची माहिती वाया जाते, आणि गोळ्या वाढवल्या की ते अंतर आपोआप वाढतं. दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरी पावपट मोठा येतो, त्यात गोळीचा काही दोष नसतो. सगळ्या भोकांची सरासरी घेतली की प्रत्येक गोळीचे पैसे वसूल होतात.

चाळीसचा आकडा मला आवडला होता. पण चाळीस गुणिले तीन म्हणजे १२०, सहाशेचा पाचवा हिस्सा. दाजी दुकानात नारळ रचता रचता ऐकत होते. म्हणाले, "एवढ्या गोळ्यांत दोन स्पर्धा होतात की. खात्री करण्यातच सगळं घालवायचं तर पोरीनं मारायचं कधी?"

बरोबर होतं त्यांचं. खात्री ही विकत घ्यायची वस्तू आहे आणि तिचाही भाव बघावाच लागतो. शेवटी लॉटमागे वीसवर तडजोड झाली. लॉट बदलला की नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं, म्हणून प्रत्येक बदलाला तीन गोळ्या मोजायच्याच नाहीत, असं क्लबच्या सरांनी सांगितलं. तो हिशेब धरून एकूण ७५. आठ गोळ्यांमागे एक.

रविवारी सकाळी साडेसातला रेंजवर. वारा पडलेला, ऊन चढायच्या आत काम उरकायचं. पुढचा हात वाळूच्या पिशवीवर. आधी 'अ' च्या सगळ्या, मग 'ब' च्या असं केलं नाही. तसं केलं तर शेवटच्या लॉटच्या नशिबी तापलेली नळी, सुटलेला वारा आणि थकलेले डोळे येतात. दहा-दहाचे गट करून अ-ब-क आणि मग उलट क-ब-अ असा क्रम लावला. म्हणजे सकाळभरात जे काही हळूहळू बदलतं ते तिघांच्या वाट्याला सारखं. धाकट्या भाच्याने सरांच्या देखरेखीखाली गोळ्या लाकडी ठोकळ्यात लावून द्यायच्या, आणि कुठला लॉट चाललाय ते बहिणीला सांगायचं नाही. हे काम त्याने फारच मनावर घेतलं. विचारलं तरी तोंडावर बोट.

दुपारी ताईकडे जेवून कागदांचे फोटो घेतले आणि स्क्रीनवर एकेका भोकाचं केंद्र टिपलं. अख्खा ग्रुप डावीकडे किंवा वर सरकला असेल तर साइटचे चार क्लिक फिरवून भागतं. पसरला असेल तर इलाज नाही. म्हणून मोजायचा तो पसारा. सरासरी अंतर निघालं: अ ५.७ मिलिमीटर, ब ३.९, क ४.१. आठ मिलिमीटरच्या बाहेर गेलेल्या गोळ्या: अ च्या विसातल्या चार, ब आणि क ची प्रत्येकी एक. शिवाय अ ची भोकं आडवी नव्हे, उभी पसरली होती, म्हणजे वेगातल्या चढउताराचा संशय.

वहीतला तो सुंदर कागद 'अ' चा. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि ब, क मधला चांगला कुठला?"

इथे खरी कसोटी असते. ३.९ हा आकडा ४.१ पेक्षा लहान आहे, त्यामुळे 'ब जिंकला' म्हणायला जीभ शिवशिवते. पण वीस गोळ्यांत एवढ्या फरकाला काही अर्थ नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मारल्या तर उलटंही येईल. या टेस्टने सर्वोत्तम लॉट सापडलेला नाही. टेस्टने फक्त एक वाईट लॉट बाजूला काढला, तोही या रायफलपुरता. वीस टक्के खोट्या निकालांच्या हिशेबात जवळपास दीडपट फरक सहजासहजी येत नाही, तेवढी खात्री ७५ गोळ्यांत मिळाली. आणि चाचणीच्या साठ गोळ्यांत विसाला चार विरुद्ध विसाला एक म्हणजे आठ-नऊ गुण. तिच्या पातळीवर तेवढ्यात निवड होते किंवा हुकते.

क्लबात 'ब' चे डबे जास्त शिल्लक होते. मधेच लॉट बदलायला नको म्हणून 'ब' घेतला. इतकं साधं कारण.

मला यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढे दिवस नऊ लागला की ती गोळीकडे बघायची, मग रायफलकडे, मग वाऱ्याकडे. आमच्याकडे कसं, बिल्ड पडलं की आधी नेटवर्कला शिव्या. संध्याकाळी तिने वहीत 'ब' लॉटचा नंबर लिहिला, तारीख, रायफलचा नंबर, हवा. 'अ' चा कागद फाडला नाही, फक्त त्याच्यावर लिहिलं, 'वीसातला एक'. मग मला म्हणाली, "म्हणजे मामा, आता नऊ लागला तर खापर फोडायला कोणीच नाही. नऊ माझाच."

"बहुतेक वेळा," मी म्हणालो.

"चालतंय मग," म्हणाली आणि मॅट घेऊन गच्चीवर गेली. गोळीशिवाय नुसता ट्रिगर ओढायचा सराव रोज तासभर असतो. त्याला कोटा नाही.

तिच्याकडे आता ५२५ उरल्यात.