पाठीमागचे पाचशे लिटर

भरलेला घट आवाज करीत नाही, अर्धा मात्र करतो, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आहे. आपल्याकडे त्याच्या जवळची म्हण म्हणजे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गेली अठरा-वीस वर्षे हे दोन्ही दृष्टान्त आम्ही वर्गात वापरत आलो. विद्वान नम्र असतो, अर्धवटाला मिरवण्याची हौस असते, एवढा बोध निघाला की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या म्हणीकडे वळतो. या व्यवहारात पाण्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. घट हा नुसता दृष्टान्त. त्यात खरोखरीचे पाणी आहे, त्याला वजन आहे, ते हलते, आणि घट चालता असेल तर ते कुणाच्या तरी मानेवर येऊ शकते, हा विचार साहित्याच्या वर्गात सहसा येत नाही. तो आमच्याकडे आला तो आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या व्हॅनमधून.

हा विद्यार्थी हुशार. एम. ए. ला त्याने ग्रामीण कथेवर लिहिलेला निबंध आम्ही अजून जपून ठेवला आहे. पुढे सेट झाला, आणि अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, जितके तास तितके पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईलच याची खात्री नाही. स्टाफरूममध्ये तो आमच्याच टेबलाला बसे, आमच्याइतकेच शिकवी, आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्याशी कमी बोले. कारण उघड होते. आम्ही ते कधी बोलून दाखवले नाही. बाराव्या वर्षी त्याने एक जुनी बंद मालवाहू व्हॅन घेतली आणि घरांच्या छपरांवरची सौर पॅनेले धुऊन देण्याचा धंदा सुरू केला.

धंद्याची निवड शहाणपणाची होती. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची ‘पीएम सूर्य घर’ योजना आली आणि आमच्या तालुक्याच्या गावीही गच्च्यांवर निळ्या-काळ्या काचा दिसू लागल्या. लातूरकडचा उन्हाळा म्हणजे धूळच धूळ. काचेवर धूळ बसली की वीज कमी होते. ती बोअरच्या पाण्याने धुवावी तर पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि धुण्याचा अर्थच उरत नाही. म्हणून क्षार काढलेले पाणी बरोबर न्यावे लागते. शिवाय काच तापायच्या आत, पहाटेच, काम उरकावे लागते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकण्याची भीती. तेव्हा अंधारात घर सोडायचे आणि पाठीशी पाचशे लिटर पाणी घेऊन दुसऱ्या गावी पोहोचायचे, असा त्याचा दिनक्रम ठरला.

पाणी होते घरावर ठेवतात त्या काळ्या, उभ्या प्लास्टिकच्या टाकीत. टाकी सीटच्या मागे हातभर अंतरावर ठेवलेली आणि काथ्याच्या दोरीने दोन्ही बाजूंच्या कड्यांना आवळलेली. आम्ही ती पाहिली होती. दोरीची गाठ मोठी सुबक होती.

एका पहाटे उतारावर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, म्हैस सुखरूप गेली. पुढचे त्याच्याच शब्दांत, कारण इतकी नेमकी वाक्ये आम्हाला पेपरात क्वचित वाचायला मिळतात: “सर, गाडी थांबली, आणि मग पाणी आलं.” टाकी सरकून सीटच्या पाठीवर आदळली होती. पहिले घर धुऊन झालेले असल्यामुळे ती अर्धीच भरलेली होती, हे त्याला सुदैव वाटत होते. दोन आठवडे तो मानेला पट्टा लावून फिरला. तेवढ्यातच त्याची बायको घरी आली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगा ना ह्यांना. माझं ऐकत नाहीत. दुसरी दोरी आणलीय म्हणे.”

अर्धी टाकी हे सुदैव नव्हते. सुभाषितकाराला जे माणसाविषयी म्हणायचे होते, ते पाण्याविषयी आधी खरे आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. ते टाकीबरोबर, एखाद्या दगडासारखे, एकसंध राहते. अर्ध्या टाकीत वरचा पृष्ठभाग मोकळा असतो. ब्रेक लागला की गाडी हळू होते, पाणी होत नाही. ते पुढे धावते, पुढच्या भिंतीवर चढते, तिथून मागे फिरते आणि पुन्हा येते. वळणावर तेच आडवे होते, बाहेरच्या बाजूला गोळा होते आणि गाडी ज्या बाजूला कलते आहे त्याच बाजूला तिला आणखी ढकलते. मराठीत याला ‘हिंदकळणे’ असा सुंदर शब्द आहे. कवितेत तो आला की आम्ही नादाबद्दल बोलतो.

आकडे तर साधेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन, वर टाकी वेगळी. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर एवढ्या वजनाचा पुढे येणारा रेटा साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातो, आणि हा नुसता ब्रेक झाला, अपघात नव्हे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एखाद्या झाडावर थांबली, तर पाठीमागची सुटी टाकी ज्या वेगाने पुढे येईल तो वेग म्हणजे सुमारे दहा मीटरवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा. तिमजली घराच्या गच्चीवरून अर्धा टन पाणी सोडले आहे आणि खाली आपण पाठ करून बसलो आहोत, असे चित्र आम्ही त्याच्यापुढे काढले. त्याने दोरीकडे पाहिले आणि काही बोलला नाही.

आमच्या पिढीने शाळेत असताना खेड्यात पखाल पाहिली असेल किंवा निदान आजीकडून ऐकली असेल. कातड्याची ती पिशवी हल्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबे. पाणी ओतत गेले की कातडे आत बसत जाई आणि आत मोकळी जागा राहतच नसे. म्हणजे पखाल अर्धी असली तरी तिच्यातले पाणी फारसे हिंदकळत नसावे. टाकीचा जो दोष तोच तिथे मुळात नाही. डोक्यावरच्या घागरीत बायका पाल्याची डहाळी टाकत, तेही पाणी उचंबळू नये म्हणूनच. चालत्या पाण्याची ही समज आपल्याकडे होती. मग नळ आले, गच्चीवरच्या टाक्या आल्या, आणि पाणी म्हणजे उभ्या जागी साठवायची वस्तू झाली. दुष्काळाने ते पुन्हा रस्त्यावर आणले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. वाघीण ही मुळात चालती टाकी म्हणूनच घडवलेली असते, चाकांवरच्या सांगाड्याशी एकजीव. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीबोळांतून पाणी फिरत होते ते टेम्पोत ठेवलेल्या घरगुती टाक्यांतून, आणि टाकी धरून ठेवायला मागे एखादा पोरगा उभा असे. त्या वर्षी पाणी मिळते की नाही याचीच चिंता इतकी होती की त्या पोराकडे कुणी पाहिले नाही. (समीक्षेत ‘आशय’ आणि ‘घाट’ यांच्या नात्यावर आमच्या विषयात शेकडो पाने खर्ची पडली आहेत. घाट बसका आणि खिळलेला नसेल तर आशय लेखकाच्याच पाठीत बसतो, हे कुठे वाचल्याचे आठवत नाही. असो.)

मग आम्ही तिघे गावाबाहेरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी टाकी पाहिली, दोरी पाहिली आणि म्हणाले, “सर, पाण्याला बांधता येत न्हाई. टाकीला बी न्हाई. बांधायचं ते गाडीच्या हाडाला.” त्या दुपारी आम्ही जे शिकलो ते सगळे या वाक्याचे विवरण होते.

व्हॅनचा तळ म्हणजे पातळ पत्रा. त्याला भोक पाडून बोल्ट घातला आणि खाली नुसता वायसर लावला तर धक्क्याला तो काजातून गुंडी सुटावी तसा पत्रा फाडून वर येतो. बाजूची कडी हलक्या सामानासाठी असतात. अर्धा टन त्यांचे काम नव्हे. दोरी ओली झाली की वागणूक बदलते, आणि प्लास्टिकची टाकी तर उन्हाने मऊ पडते व रिकामी होताना अंग चोरते, म्हणजे सकाळी घट्ट असलेला पट्टा दहा वाजता सैल असतो. दोरीवर दुसरी दोरी आणणे हे ‘दुखणे हल्याला आणि इंजेक्शन पखालीला’ यातलेच. उपाय असा की टाकीभोवती लोखंडी अँगलचा पिंजरा करायचा, टाकी त्यात चहूबाजूंनी आणि वरूनही अडकवायची, आणि पिंजऱ्याचे पाय तळाच्या पत्र्यातून आरपार नेऊन खालच्या आडव्या तुळयांना बोल्टांनी जखडायचे. जिथे तूळ सापडत नाही तिथे पत्र्याखाली हातभर रुंद जाड पट्टी, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. भोक पाडण्याआधी मिस्त्री गाडीखाली झोपून पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरी कुठून जातात ते खडूने आखत होते. त्यांना या कामाला जितका वेळ लागला तितका वेल्डिंगलाही लागला नाही.

ब्रिटनमध्ये व्हॅनमधून पाणी नेऊन काचा पुसणाऱ्यांचा मोठा व्यवसाय आहे, आणि तिथे अशा टाक्या चौकटीसकट आदळून तपासून विकल्या जातात. तिथला सर्वसाधारण वाहतुकीचा दंडक असा की माल अडवणाऱ्या बंधनाने पुढच्या दिशेला मालाचे पूर्ण वजन पेलले पाहिजे, मागे आणि बाजूंना निम्मे. हे आम्ही मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मंग पुढं चार बोल्ट जास्त टाकू.” दंडक त्यांना आधीच ठाऊक होता, फक्त आकड्यात नव्हता.

टाकीचा प्रश्न मात्र आमच्या विद्यार्थ्याने स्वतः सोडवला. उभी टाकी उंच, तिचा भार वर, आणि आत पाणी अडवणारे आडवे पडदे नाहीत. त्याने ती घराच्या गच्चीवर चढवली आणि अडीचशे लिटरच्या दोन बसक्या टाक्या घेतल्या. त्या शेजारी-शेजारी नव्हेत, एकीमागे एक ठेवल्या, म्हणजे एक रिकामी झाली तरी गाडी एका बाजूला झुकत नाही. आधी मागची पूर्ण वापरायची, पुढची तोवर काठोकाठ. मधला व्हॉल्व्ह चालत्या गाडीत बंद. मागच्या टाकीत शेवटी थोडे उरले तर ते वाटेतल्या झाडाला घालायचे. अर्धी टाकी घेऊन रस्त्याला लागायचेच नाही. टाक्यांखाली रबराची जाड चटई आणि सीटमागे पोलादी जाळी, या दोन गोष्टी मिस्त्रींच्या आग्रहाच्या.

वजनाचा हिशेबही त्यानेच मांडला. नोंदणीपुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन लिहिलेले असते. त्यांच्या वजाबाकीतून तो स्वतः, मदतनीस, पंप, नळ्या आणि आता हा पिंजरा वजा केला तर पाचशे लिटर बसत नव्हते. चारशेच बसत होते. म्हणून मागची टाकी दीडशेची झाली. जास्त भाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपयांपासून दंड आहे, हे कारण त्याने बायकोला सांगितले. खरे कारण तिला आधीच माहीत होते. पिंजरा कायमचा ठोकलेला असल्याने आरटीओत विचारून घे, असे आम्ही सुचवले. त्या कार्यालयाच्या तीन फेऱ्यांवर त्याने आता एक कथा लिहायला घेतली आहे.

एकूण खर्च साडेअकरा हजार झाला. पैसे आम्ही देऊ केले, त्याने घेतले नाहीत. तासिका तत्त्वाच्या दिवसांतले ते अंतर तसेच आहे, पण आता त्याला धंद्याचा हिशेब सांगता येतो आणि तो सांगतानाचा त्याचा आवाज स्टाफरूममध्ये आम्ही कधी ऐकला नव्हता.

मिस्त्रींनी बोल्ट आवळून झाल्यावर प्रत्येक नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली. नट जरा जरी फिरला तर रेघ मोडलेली दिसते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ती पाहायची आणि मग दर रविवारी. रविवारी सकाळी त्याची बायको टॉर्च धरते आणि तो गाडीखाली जाऊन मोजतो. सोळा रेघा आहेत. मागच्या महिन्यात एक मोडलेली सापडली, डावीकडची, मागून दुसरी. त्याने पाना मागितला तेव्हा तो तिच्या हातातच होता.