पोटरीचं माप

कॉम्प्रेशन स्टॉकिंगचं माप सकाळी घ्यावं. रात्रभर आडवं झाल्यावर पायाची सूज उतरलेली असते. म्हणून बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत डीव्हीटीचे, म्हणजे पायातल्या गुठळीचे, रुग्ण मी पहिल्या तासातच बोलावते. शुक्रवारी मात्र हा बेत फसतो. साडेदहाला राहुकाळ लागतो. त्या वेळात बनशंकरी देवीला लिंबाचे दिवे लावून, रांगेत उभं राहून बायका माझ्याकडे येतात, तोवर घोटा भरलेला असतो. मी टेप काढतच नाही. उद्या या, म्हणते.

आधी पावलावरची नाडी चाचपायची. मधुमेह्यांच्या पायाचा रक्तपुरवठाच कमी असला तर घट्ट मोजा घात करतो. तसा संशय आला की पुन्हा डॉक्टरांकडे. मग घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागी एक माप, पोटरीच्या सर्वांत भरल्या जागी दुसरं, आणि टाचेपासून गुडघ्याखाली दोन बोटांपर्यंतची लांबी. एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि सगळा खर्च फुकट जातो तो इथेच.

बेळगावहून मुलाकडे आलेल्या एक काकू मेडिकलमधून अंदाजाने घेतलेला ‘एल’ साइजचा मोजा घालून आल्या. वरचा काठ दोनदा दुमडलेला.

“काकू, हा दुमडलात कशाला?”

“खाली सरकतो गं सारखा. दोन हजारांचा आहे, टाकून कसा देऊ?”

मोजा उतरवला तर गुडघ्याखाली बोट बसेल अशी खाच. दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी कमी होत जायला हवा; इथे घोट्याशी कापड सैल आणि वर फास. म्हणजे दोन हजार मोजून उलटाच उपचार चाललेला. क्रेप बँडेज स्वस्त म्हणून गुंडाळणारेही येतात, पण ते काही तासांत ढिलं पडतं आणि रोज नीट बांधणारा हात घरोघरी नसतो.

‘दोन वर्षं मोजा घाला’ हा सल्ला जुन्या अभ्यासांतून आला. 1997 साली नेदरलँड्समधल्या 194 रुग्णांच्या अभ्यासात मोज्यांमुळे गुठळीनंतरचा त्रास, म्हणजे सूज, ठणका, काळवंडलेली कातडी, निम्म्यावर आला होता. पुढे 2014 साली 806 रुग्णांच्या ‘सॉक्स’ चाचणीत खऱ्या आणि नकली मोज्यांत फरकच दिसला नाही. मोजे म्हणजे पैसे पाण्यात, असं तेव्हापासून काही डॉक्टर म्हणू लागले. त्या चाचणीत मोजे टपालाने घरी पाठवले होते आणि बऱ्याच जणांनी ते पुढे नियमित घातले नाहीत. माप घेणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मला पटतो तो 2018 सालचा ‘आयडियल’ अभ्यास. नेदरलँड्स आणि इटलीतले 865 रुग्ण. सहा महिने सगळ्यांनी मोजे घालायचे. पुढे एका गटाला सरसकट दोन वर्षं, दुसऱ्याला व्हिलाल्टा गुण बघून. दुखणं, पेटके, जडपणा, खाज, सूज अशा अकरा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. पाच झाले की त्रास सुरू झाला असं धरायचं. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांचे मोजे सहा महिन्यांतच सुटले, त्रास वाढला नाही आणि खर्चही कमी आला. आपल्याकडे हा हिशेब जास्तच टोचतो. रोजच्या वापराने मोज्याचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो, म्हणजे दोन वर्षांत चार खरेद्या. आणि बहुतेक आरोग्यविमा दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय खिशात हात घालत नाही.

काकूंना मापाचा, बोटं उघडी राहणारा मोजा दिला. पावलावर आधी प्लास्टिकची पातळ पिशवी चढवायची, मोजा तिच्यावरून सरकवायचा, मग बोटांकडून पिशवी ओढून काढायची. तिसऱ्या दिवशी त्या कुणाच्या मदतीशिवाय घालू लागल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांचे गुण चार भरले. सहाव्यातही तेवढेच राहिले तर डॉक्टरांना विचारून मोजा बंद करता येईल, तोवर नवी जोडी घेऊ नका, असं मी मुलाला बजावलं.

गुठळी एका पायात, मोजे मात्र जोडीने विकतात. गुडघ्याखालच्या बहुतेक मोज्यांत डावा-उजवा भेद नसतो. एक घालायचा, एक धुवायचा. जोडी जास्त टिकते.

“दुकानदार हे बोललाच नाही,” मुलगा म्हणाला.

तो कशाला बोलेल?