नववी सुई

परवा बँकेत पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभा होतो. खिडकीपलीकडून कर्रर्र असा ओळखीचा आवाज आला आणि हातातले पुस्तक मिटून मी नकळत फेऱ्या मोजू लागलो. मराठीचा अध्यापक होऊन बरीच वर्षे लोटली. पण अक्षर म्हणजे काय, हा धडा मला एम.ए.च्या वर्गात मिळाला नाही. तो मिळाला १९९७ साली, तालुक्याच्या गावी, एका संगणक-वर्गाच्या मागच्या खोलीत, याच जातीच्या यंत्रासमोर. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात नऊ सुया एकाखाली एक उभ्या असत. डोके कागदावरून आडवे धावे, सुया शाईच्या फितीवर आपटत आणि ठिपके उमटत. रोमन अक्षरे यंत्राला पाठ होती. चित्र हवे असेल तर मात्र प्रत्येक सुईला हुकूम आपण द्यायचा. आधी २७ हा आकडा, मग ‘के’ हे अक्षर, मग किती उभे स्तंभ येणार ती संख्या दोन तुकड्यांत. आठ इंचांच्या ओळीत ४८० स्तंभ, म्हणून २२४ आणि १. कारण दुसरा आकडा २५६च्या पटीत मोजायचा. त्यापुढे स्तंभागणिक एक आकडा. सर्वांत वरच्या सुईची किंमत १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. ज्या सुया उठवायच्या त्यांची बेरीज करून पाठवायची. या हिशेबात आठच सुया येतात. नववी गप्प बसे.

मी पहिल्यांदा वर्तुळ काढले, ते आडव्या अंड्यासारखे आले. उभ्या दिशेने इंचाला ७२ ठिपके आणि आडव्या दिशेने ६०, हे कळल्यावर ते गोल झाले. त्या दिवशी मी जेवायलाही घरी गेलो नाही.

पुढे आमच्या सरांनी एका पतसंस्थेचे काम आणले. सभासदांची यादी मराठीत छापून फलकावर लावायची होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी येई, हे आम्ही ऐकून होतो. पण वर्गाची ऐपत तेवढी नव्हती. सर मला म्हणाले, “तू चित्रं काढतोस ना? मग अक्षरंही चित्रंच की.”

आलेखाच्या वहीत मी बाराखडी मांडायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. रोमन अक्षराला आठ ठिपक्यांची उंची पुरते. देवनागरीला वर मात्रा आणि वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षराचा देह, खाली उकार. वर दोन आणि खाली दोन ठिपके दिले, तर देहाला तीनच उरतात आणि तेवढ्यात ‘भ’ आणि ‘म’ वेगळे दाखवता येत नाहीत. ओळ दोन फेऱ्यांत छापली असती तर सोळा ठिपके मिळाले असते. सर म्हणाले, “दुप्पट वेळ जाईल. आठात बसव.” मी बसवले. वर एक, शिरोरेषेला एक, देहाला पाच, खाली एक. शिरोरेषा म्हणजे ६४. काना म्हणजे १२६. आणि उकार एकच, ह्रस्वही तोच आणि दीर्घही तोच.

यादी छापताना एक चमत्कारिक दोष दिसला. ‘मधुकर’ नावाच्या प्रत्येक सभासदापुढची उभी रेघ एका ठिपक्याने उजवीकडे सरकत होती. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडले. ‘ध’ची शिरोरेषा जिथे तुटते तिथे खाली उकार आला, की ८, ४ आणि १ एवढ्याच सुया उरत, बेरीज १३. बेसिकच्या लेखी १३ म्हणजे ओळ संपल्याची खूण. ती पाठोपाठ न सांगता १० हा आकडा पाठवी आणि तो एक जास्तीचा स्तंभ होऊन उमटे. मी १३ काढून १२ घातले. उकाराचा एक ठिपका गेला, रेघ सरळ झाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ वर्गात आले. त्यांना संस्थेतून आमच्याकडे धाडले होते. साक्षरतेच्या रात्रवर्गात ते स्वतःचे नाव लिहायला शिकले होते, तेवढेच त्यांना वाचता येई. “यादीत माजं नाव न्हाई,” ते म्हणाले. मी प्रत काढून त्यांचा सभासद क्रमांक शोधला आणि नावावर बोट ठेवले.

“आजोबा, हे बघा. तुमचंच आहे.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “ह्ये माजं नव्हं. माज्या नावाला खाली शेपूट हाय.”

शेपूट म्हणजे दीर्घ उकार. नाव त्यांनी उच्चारातून शिकलेच नव्हते, आकृतीतून शिकले होते आणि त्या आकृतीची मुख्य खूण मी काढून टाकली होती. मी समजावू लागलो, की यंत्रात जागा कमी असते, अर्थ तोच राहतो. ते मुकाट्याने ऐकून निघून गेले.

त्या रात्री मी प्रिंटरची पुस्तिका पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. मागच्या पानांत एक हुकूम होता. त्यात प्रत्येक स्तंभासाठी एकाऐवजी दोन आकडे पाठवायचे. दुसरा आकडा फक्त नवव्या सुईसाठी. फेरी एकच. म्हणजे डोक्याला दुसऱ्यांदा धावावे लागणारच नव्हते. वेळेचे कारण खोटे होते. खरे कारण एवढेच, की मी पान उलटले नव्हते. नवव्या ठिपक्यावर उकाराला शेपूट देता आले. नवी यादी आठवड्याने लागली तेव्हा मी परीक्षेसाठी शहरात होतो. त्या गृहस्थांनी ती पाहिली की नाही, मला ठाऊक नाही.

यंत्रासाठी लिपी सोपी करावी, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’ मासिकाने वापरून पाहिली. १९६२च्या चौदा आणि १९७२च्या चार नियमांनी लेखनाची घडी बसवली. त्यांवरचे वाद अजून संपलेले नाहीत आणि ह्रस्व-दीर्घ सैल करावेत म्हणणाऱ्यांची बाजू मी वर्गात प्रामाणिकपणे मांडतो. पण ते वाद उघड्यावर झाले, नावानिशी झाले. मी मात्र मागच्या खोलीत बसून, कोणालाही न विचारता, एका गावाचे दीर्घ उकार रद्द केले होते आणि तो तांत्रिक निर्णय आहे असे मला वाटले होते. लिपीतले पुष्कळसे निर्णय असेच होत असावेत. ज्याच्या नावावर ते होतात तो माणूस त्या खोलीत नसतो.

खिडकीतून पासबुक परत आले. माझ्याही नावात एक दीर्घ उकार आहे. पासबुकात नाव रोमन लिपीत छापलेले असल्याने तो दिसत नाही. कारकुनाने विचारले, “बरोबर आहे ना सर?” मी मान हलवली आणि बाहेर पडलो.